गालापागोस, छोट्या बोटीतून: बेळगावहून निघणाऱ्यांसाठी दिवसवार वाट

गालापागोस ही प्रशांत महासागरातली इक्वेडोर देशाची बेटे. त्यांचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि ती बोटीवर राहून पाहायची असतात. बोटीच्या पत्रकावर ‘८ दिवस, ७ रात्री’ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला दिवस दुपारी सुरू होतो आणि आठवा सकाळी नऊच्या सुमारास विमानतळावर संपतो. पुरे दिवस हाती लागतात ते सहाच. पाच दिवसांच्या बोटीत तीन आणि चार दिवसांच्या बोटीत दोन. स्वस्त बोटीचा भाव दिवसाला ३०० डॉलर धरला, तर आठ दिवसांचे २४०० होतात आणि पुरा दिवस ४०० ला पडतो. चार दिवसांचे १२०० होतात, पण तिथे पुरा दिवस ६०० ला पडतो. विमानभाडे, व्हिसा, उद्यानाची फी हा खर्च दोन्हीकडे सारखाच. बेळगाव, खानापूर, निपाणीहून निम्मी पृथ्वी ओलांडून जाणाऱ्याने म्हणून आठ दिवसांचीच बोट घ्यावी. पैसे वाचवायचे तर खोलीवर वाचवावेत, दिवसांवर नाही.

दुसरी गोष्ट मार्गाची. उद्यानाच्या नियमाप्रमाणे कोणत्याही बोटीला त्याच ठिकाणी चौदा दिवसांच्या आत परत जाता येत नाही. त्यामुळे प्रत्येक बोटीचे पंधरा दिवसांचे चक्र ठरलेले असते आणि त्याचे तुकडे करून विकतात. महागडी बोट असो वा स्वस्त, उतरायची बेटे तीच, पायवाटा त्याच, एका मार्गदर्शकामागे माणसे जास्तीत जास्त सोळा. तेव्हा बोटीच्या फोटोंआधी मार्ग वाचावा. खाली दिला आहे तो आग्नेय आणि मध्य बेटांचा मार्ग. अल्बाट्रॉस हा मोठ्या पंखांचा समुद्रपक्षी पाहायचा असेल तर आपल्या बोटीच्या मार्गात एस्पान्योला बेट आहे की नाही, एवढे आधी बघावे. फर्नांडिना बेटाचे न उडणारे पाणकावळे हवे असतील तर पश्चिमेचा मार्ग घ्यावा. एका फेरीत दोन्ही बसत नाहीत.

निघण्याआधी

आपल्याकडच्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते आणि नेमका तोच काळ इथे सर्वांत सोयीचा. डिसेंबर ते मे पाणी उबदार, २४ ते २७ अंश, आणि समुद्र शांत. जूनपासून हम्बोल्ट प्रवाहाचे गार पाणी जोर धरते. आकाश झाकोळते आणि ‘गारुआ’ नावाची बारीक झिमझिम सुरू होते. जुलैत चोर्ला घाटात गाडीच्या काचेवर जशी बसते तशीच. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वांत खवळलेला. अल्बाट्रॉस एप्रिलमध्ये परततात, त्यामुळे एप्रिलचा शेवट आणि पूर्ण मे महिना या दिवसांत शांत समुद्र, उबदार पाणी आणि पक्षी तिन्ही जमतात.

बोट लागते का, हे हजारो डॉलर भरण्याआधी तपासून पाहावे. मालवण-तारकर्लीची तासाभराची होडी त्यासाठी पुरेशी नाही. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाकडे जाणारी बोट दोन्ही बाजूंनी मिळून दोन-तीन तास उघड्या समुद्रात असते, तिथे खरी परीक्षा होते. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच जाऊन यावे. तिथेच नळी आणि चष्मा लावून पाण्यावर तोंड खाली करून तरंगण्याचा सरावही होतो. घाटात गाडी लागणाऱ्या प्रत्येकाला बोट लागतेच असे नाही, पण त्याने गोळी जवळ ठेवलीच पाहिजे. सिनारिझिन किंवा प्रोमेथाझिन डॉक्टरांना विचारून आणावे. गोळी बोट हलायच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात राहतच नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात. आलेपाकाच्या वड्यांचाही चांगला उपयोग होतो.

कागदपत्रांत दोन गोष्टींना वेळ लागतो. भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा आधी काढावा लागतो, त्यासाठी निदान दोन महिने हातात ठेवावेत. वाटेत अमेरिकेत विमान बदलायचे असेल तर तिथलाही व्हिसा लागतो, कारण तिथे विमानतळाबाहेर न पडताही देशात प्रवेश घ्यावा लागतो. युरोपमार्गे गेल्यास प्रत्येक देशाचा संक्रमण-व्हिसाचा नियम वेगळा आहे. तिकीट काढण्याआधी तो पाहावा, नंतर नाही.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाची लस. गालापागोस बेटांवर तो ताप नाही. पण भारत सरकार देशानुसार यादी करते आणि त्या यादीत इक्वेडोर आहे. परतताना लशीचे पिवळे कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. बेळगावकरांना मुंबई किंवा गोव्यातले मुरगाव बंदराचे आरोग्य केंद्र सोयीचे. वेळ आधी ठरवून जावे. कार्ड लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होते आणि मग जन्मभर चालते. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेल्यांनी आणि साठीपुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

इक्वेडोरमध्ये २००० सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो. बेळगावात चलन घेताना शंभराच्या नोटा कमी मागाव्यात. छोटे दुकानदार त्या घेत नाहीत. १, ५, १० आणि २० च्या नोटा, न फाटलेल्या, असाव्यात. उद्यानाची फी परदेशी प्रौढांसाठी २०० डॉलर (१ ऑगस्ट २०२४ पासून दुप्पट झाली), १२ वर्षांखालील मुलांसाठी १००. ती रोखीत तयार ठेवावी. बेटांवर जाण्यासाठी लागणाऱ्या प्रवास नियंत्रण कार्डाचे २० डॉलर वेगळे.

बोटीचा करार लेखी घ्यावा आणि त्यात पुढील गोष्टी नावानिशी असाव्यात: बोटीचे नाव, तारखा, कोणत्या दिवशी कोणते ठिकाण, खोलीचा क्रमांक, मार्गदर्शक इंग्रजी बोलतो का, पोहण्याचा रबरी सूट भाड्यात धरला आहे का, आणि बोट बिघडली तर बदली बोट कोणत्या दर्जाची. स्वस्त बोटींची यंत्रे जुनी असतात आणि शेवटच्या मुद्द्यावरच भांडणे होतात. ‘त्याच दर्जाची किंवा वरची’ हे शब्द करारात हवेत.

काही जण सांता क्रूझ बेटावरच्या पुएर्तो आयोरा गावात पोहोचून दुकानोदुकानी हिंडतात आणि निघायला दोन दिवस असलेली बोट कमी भावात घेतात. एकटे किंवा दोघे असाल, हातात पाच-सहा मोकळे दिवस असतील आणि मार्ग कोणताही चालणार असेल, तर हे जमते. चौघांचे कुटुंब आणि पक्के परतीचे तिकीट असेल तर या फंदात पडू नये.

खोली निवडताना खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधली मागावी. तिथे हेलकावा सर्वांत कमी. पुढच्या खोल्या लाटेवर वर-खाली आपटतात आणि पहाटे नांगराची साखळी डोक्याशी खडखडते. मागच्या खोल्यांत यंत्राची घरघर आणि डिझेलचा वास. वरच्या मजल्यावर हवा मोकळी, पण डोलणे दुप्पट. दुहेरी तळाची बोट (कॅटामरान) कमी डोलते. एकाच तळाची स्वस्त असते, पण तिच्यात झोपेची किंमत मोजावी लागते.

सामानात मऊ पिशवी असावी. ट्रंकेसारखी कडक बॅग खाटेखाली जात नाही. पाण्यात चालणारे पट्ट्याचे सँडल, खडकासाठी चांगल्या तळाचे बूट, दोरी असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा (विषुववृत्तावरचे ऊन पाठीला तासाभरात भाजते), पाणी न शिरणारी पिशवी. बोटीवर ११० व्होल्ट आणि चपटे दोन पिन, म्हणून जोडणी न्यावी. मोबाइलचा चार्जर चालतो, आपली पाण्याची किटली चालत नाही. स्वतःचा पाण्यात घालायचा चष्मा-मुखवटा घेऊन गेलात तर फार बरे. दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर वरच्या ओठाशी पाणी झिरपते. तिथे व्हॅसलीनचा थर लावला की थांबते.

कुंदा आणि करदंट विमानातच संपवावे. बेटांवर दूध, फळे, बिया, मातीचा कण असलेली कोणतीही वस्तू नेता येत नाही आणि तपासणी खरीखुरी होते. कारखान्यात बंद केलेली पाकिटे बहुधा सोडतात, तीही दाखवून न्यावीत.

आदला दिवस: गुयाकिल

सांबऱ्याहून विमानाने किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून युरोपमार्गे गुयाकिल. कीटो हे राजधानीचे शहर २८५० मीटरवर आहे. थकलेल्या अंगाने तिथे उतरले की डोके दुखते. गुयाकिल समुद्रसपाटीला आहे, म्हणून तेच बरे. वेळ भारतापेक्षा साडेदहा तास मागे आणि बेटांवर आणखी एक तास मागे.

बोट सुटण्याच्या दिवशीच परदेशातून गुयाकिलला उतरायचा बेत करू नये. विमान चुकले तर बोट थांबत नाही. तिला दुसऱ्या दिवशीचे ठिकाण नियमाने ठरवून दिलेले असते. मग पुढचे बेट गाठायला वेगवान होडीचे भाडे स्वतः भरावे लागते. एक रात्र विमानतळाजवळ काढावी आणि अंधार पडल्यावर शहरात फिरू नये.

पहिला दिवस: बाल्त्रा, उत्तर सेमूर

गुयाकिलच्या विमानतळावर क्रम चुकला की तास जातो. आधी नियंत्रण कार्ड घ्यावे आणि जैवसुरक्षा खिडकीवर सामान तपासून बॅगेला पट्टी लावून घ्यावी, ही दोन्ही झाल्यावरच विमान कंपनीची खिडकी. कार्डाचा कागद परतेपर्यंत जपावा, निघताना तो मागतात. दोन तासांचे उड्डाण, अंतर सुमारे ११७० किलोमीटर.

बाल्त्रा बेटावरच्या विमानतळावर उद्यानाची फी भरली की बोटीचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा असतो. बोटीवर पोहोचल्याबरोबर बूट टोपलीत जमा. बेटाबेटांमधून बिया वाहून जाऊ नयेत म्हणून तळवे प्रत्येक फेरीनंतर धुतात. शौचालयात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळी बारीक असते, तुंबली तर सगळ्या खोल्यांची तुंबते.

किनाऱ्याला जायची रबरी होडी, तिला इथे ‘पांगा’ म्हणतात. चढताना-उतरताना खलाशाचा पंजा धरायचा नाही, एकमेकांचे मनगट धरायचे. ओला पंजा सुटतो, मनगट सुटत नाही. दुसऱ्या हातात काही नसावे. उतरणे दोन प्रकारचे: कोरडे, म्हणजे खडकावर किंवा धक्क्यावर, आणि ओले, म्हणजे गुडघाभर पाण्यात.

दुपारी उत्तर सेमूर. दोन चौरस किलोमीटरच्या आतले सपाट बेट, साधारण दोन किलोमीटरची वाट. फ्रिगेट पक्ष्याचे नर लाल घशाची पिशवी फुगवून झुडपावर बसतात. या पक्ष्याच्या पिसांना पुरेसे तेल नसते. भिजला तर त्याला उडता येत नाही, म्हणून तो पाण्यात न शिरता दुसऱ्यांच्या तोंडचा मासा हिसकावतो. निळ्या पायांचे बूबी पक्षी वाटेवरच नाचत असतात. प्राण्यापासून दोन मीटर अंतर हा नियम आहे. दोन मीटर म्हणजे साधारण एका खाटेची लांबी. पक्षी स्वतः वाटेवर येऊन उभा राहिला तर थांबायचे किंवा मार्गदर्शक सांगेल तसे वळसा घालायचे. कॅमेऱ्याचा झोत कधीच नाही.

इथल्या जमिनीवरच्या इग्वानांमागे (मोठ्या सरड्यांमागे) एक गोष्ट आहे. १९३०च्या दशकात शेजारच्या बाल्त्रावरून ते आणून इथे सोडले गेले. पुढे बाल्त्रावरचे नष्ट झाले आणि १९९१ पासून यांचीच पिल्ले परत तिथे सोडली. विमानतळाच्या रस्त्यावर दिसणारे इग्वाना याच वंशाचे.

दुसरा दिवस: दक्षिण प्लाझा, सांता फे

दक्षिण प्लाझा लहान आहे, दीड तासात होते. जमिनीवरचे आणि सागरी असे दोन्ही प्रकारचे इग्वाना इथे शेजारी राहतात, आणि क्वचित सागरी नर व जमिनीवरची मादी यांचा संकरही दिसतो. कड्यावर शेपटी दुभंगलेले कुरव बसतात. त्यांचे डोळे मोठे, कारण ते रात्री माकूळ पकडतात. धक्क्यावर सी लायनचा (सीलसारख्या समुद्रप्राण्याचा) नर पहारा देत असतो. तो भुंकू लागला तर ती त्याची हद्द. मागे व्हायचे, धावायचे नाही, त्याच्यात आणि पाण्यात उभे राहायचे नाही.

दुपारी सांता फे. बंद खाडी असल्याने पाण्यात उतरण्याचा पहिला सराव इथे करावा. मुखवट्याच्या काचेला आतून लहान मुलांच्या शांपूचा थेंब चोळून विसळावा, धुके बसत नाही. पोहता न येणाऱ्यांनी तरंगजाकीट मागून घ्यावे. पांगा जवळच फिरत असतो. सी लायनची पिल्ले तोंडासमोर येऊन बुडबुडे सोडतात. हात पुढे करू नये. वर बेटावर झाडाच्या खोडाचे निवडुंग आहेत, आपल्या कुंपणाच्या फड्या निवडुंगाचेच भाऊबंद, पण दहा मीटरपर्यंत उंच.

तिसरा दिवस: सान क्रिस्तोबाल

आठ दिवसांच्या बोटीवर हा सर्वांत पातळ दिवस. चार दिवसांचे प्रवासी इथे उतरतात, नवे चढतात, आणि सकाळ त्यातच जाते. गावातल्या बाकांवर सी लायन झोपलेले असतात. माहिती केंद्रातून तिहेरेतास टेकडीपर्यंत चालत जाता येते. एटीएम इथे आहे, पुढे फ्लोरेआनावर नाही. पाणी, गोळ्या इथेच घ्याव्यात. मार्ग निवडताना हा दिवस गावात जातो की लेऑन दोर्मिदो या दीडशे मीटरच्या आसपास उंचीच्या खडकाभोवती, हे विचारावे. दुसरे असेल तर तो मार्ग वरचढ.

संध्याकाळी सहालाच गोळी घ्यावी. रात्री बोट दक्षिणेला निघते.

चौथा दिवस: एस्पान्योला

हा दिवस सगळ्या प्रवासाचा गाभा आहे. साऱ्या जगातले जवळजवळ सगळे लाटाळ पिसांचे अल्बाट्रॉस या एकाच बेटावर अंडी घालतात. बेट साठ चौरस किलोमीटरचे. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या बारापेडे गुहांतली, बराच काळ फक्त तिथलीच मानली गेलेली रॉटनची वटवाघळे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना एकाच जागेवर टेकलेल्या जातीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

सकाळी गार्डनर उपसागराची वाळू, ओले उतरणे. इथला मॉकिंगबर्ड चोच लांब, धीट. बेटावर गोडे पाणी जवळजवळ नसल्यामुळे तो पाण्याच्या बाटलीवर झेप घेतो. थेंबही देऊ नये. बाटलीचे झाकण लावून पिशवीत ठेवावी. आज दिले की उद्या तो माणसामागे फिरतो आणि आपले अन्न शोधणे सोडतो.

दुपारी पुंता सुआरेस. वाट अडीच-तीन तासांची, गोल दगडांवरून. इथे सँडल नकोत, बूट हवेत, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी काठी मागून घ्यावी. सुरुवातीलाच सागरी इग्वाना ढिगाने पडलेले असतात. इथल्यांच्या अंगावर लाल आणि हिरवट डाग असतात, बाकी बहुतेक बेटांवर ते काळे. पाण्यातले शेवाळ खातात, गार पडतात, म्हणून सकाळी तासन्‌तास उन्हात पसरतात. नाकातून मिठाचे पाणी फुर्रकन उडवतात. त्यांच्या शेपट्या वाटेवर येतात, तेव्हा कॅमेऱ्यात डोळा घालून चालू नये, पायाखाली पाहावे. एल निन्योच्या, म्हणजे समुद्र जास्त तापतो त्या वर्षी शेवाळ मरते तेव्हा हे प्राणी नुसते वाळत नाहीत, त्यांची लांबीही कमी होते. अन्न परतले की पुन्हा वाढतात.

पुढे नाझका बूबी. मादी दोन अंडी घालते, पण मोठे पिल्लू धाकट्याला घरट्याबाहेर ढकलते आणि आईबाप मध्ये पडत नाहीत. वाटेवर तसे पिल्लू पडलेले दिसले की हात पुढे जातो. तो आवरावा. दुसरे अंडे हे पहिले न फुटल्यास म्हणून असते.

आतल्या पठारावर अल्बाट्रॉस. पंखांचा पसारा सव्वादोन मीटरच्या वर, पण चाल बदकासारखी. जोडी चोची आपटते, मान वर करते, पुन्हा आपटते. हे पाच-दहा मिनिटे चालते. बसून, हालचाल न करता पाहावे. उडायला त्याला वारा आणि कडा लागतो, म्हणून तो कड्यापर्यंत चालत जातो आणि तिथून झोकून देतो. दुपारी वारा वाढतो तेव्हा हे सर्वांत जास्त दिसते. सकाळची फेरी ठरलेली बोट असेल तर झेपा कमी दिसतात. कड्याखाली लाट फटीतून घुसून कारंजे उडवते.

बेटावरची कासवे मात्र दिसणार नाहीत, ती आत असतात. शेळ्यांनी बेट उघडे केले होते. १९७८ पर्यंत त्या हटवल्या. कासवे उरली होती १४, बारा माद्या आणि दोन नर. त्यांत सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातून आणलेला दिएगो हा नर मिळाला आणि पंधरा जणांच्या या कुळातून सुमारे दोन हजार पिल्ले बेटावर सोडली गेली. जून २०२० मध्ये ती पंधराही म्हातारी कासवे स्वतःच्या बेटावर परतली.

पाचवा दिवस: फ्लोरेआना

रात्रीची पाच-सहा तासांची मजल ही या मार्गावर सर्वांत त्रासाची, कारण लाट कुशीवर येते. पाठीवर, पाय किंचित फाकवून झोपावे. खिडकीची काच घट्ट लावावी, नाहीतर गादी भिजते. मळमळ वाटलीच तर खोलीत न थांबता वर मागच्या बाजूला येऊन क्षितिजाकडे पाहावे.

सकाळी पुंता कोर्मोरान. किनाऱ्यावरची वाळू ऑलिविन खनिजामुळे हिरवट. मागच्या खाऱ्या तळ्यात रोहित. कधी दहा-बारा, कधी एकही नाही. दुसऱ्या बाजूच्या पांढऱ्या वाळूत स्टिंग-रे, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, उथळ पाण्यात पडून असतात. तिथे पाण्यात पाऊल उचलून टाकायचे नाही, घासत न्यायचे, म्हणजे ते आधीच सरकतात.

मग कोरोना देल दियाब्लो, बुडालेल्या ज्वालामुखीची कड. इथे प्रवाह जोरदार असतो. पांगा वरच्या अंगाला सोडतो आणि पाण्याने खाली वाहत यायचे, उलटे पोहायचे नाही. जो फोटोसाठी थांबतो तो गटापासून दूर जातो. थकलात तर हात सरळ वर करा, पांगा येतो. नवख्याने हे ठिकाण सोडले तरी चालेल. वरून पांग्यातूनही पाहता येते.

दुपारी टपाल-पिंपाचा किनारा. देवमासे मारणाऱ्या गलबतांच्या काळापासून इथे पिंपात पत्रे ठेवायची आणि आपल्या गावाकडची उचलून पोहोचवायची रीत आहे. बेळगाव-कोल्हापूरकडचा पत्ता सापडला तर जरूर आणावा. आपले पत्रही टाकावे, पूर्ण पत्ता आणि ‘इंडिया’ ठळक लिहून.

सहावा दिवस: पुएर्तो आयोरा, सांता क्रूझचे डोंगर

सकाळी चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राचा परिसर. पिंता बेटाच्या कासवांतला शेवटचा ‘लोन्सम जॉर्ज’ २४ जून २०१२ रोजी गेला. त्याचे जतन केलेले शरीर इथे थंड खोलीत आहे. जवळच्या कुंपणांत बोटभर पिल्ले, पाठीवर रंगाने क्रमांक टाकलेली.

दुपारी डोंगरावरच्या कुरणांत मोकळी कासवे. चिखल असतो. गमबूट तिथे मिळतात, मोजे जाड घालावेत. कासव फुस्स करते ते रागावून नव्हे. मान आत घेताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते. तसे झाले म्हणजे आपण फार जवळ गेलो.

मासळीबाजारात पेलिकन आणि सी लायन मासे कापणाऱ्या बाईच्या ओट्याला चिकटून उभे असतात. अर्धा तास तिथे द्यावाच. शाकाहारी मंडळींनी बोटीवर चढतानाच सांगितलेले असावे. भात, मसुरीचे किंवा राजम्याचे ‘मेनेस्त्रा’, तळलेल्या कच्च्या केळ्याचे काप एवढे रोज मिळते. तिखटाची उणीव भासते. गावातल्या दुकानातून मिरचीचा सॉस घ्यावा.

सातवा दिवस: सांतियागोची सुलिव्हान खाडी, बार्तोलोमे

सुलिव्हान खाडीतला लाव्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा, म्हणजे सव्वाशे वर्षांचा. दोरखंडासारख्या वळ्या, फुटलेले बुडबुडे, वितळलेल्या गुळाच्या सायीसारख्या घड्या. बेळगावच्या उत्तरेला चिकोडी-निपाणीकडे शेतात जो काळा दगड लागतो तोही असाच वाहून आलेला, फक्त तो साडेसहा कोटी वर्षांचा. त्या दगडाचे तरुणपण इथे पायाखाली दिसते. आपल्याकडे त्याचीच काळी माती आणि जांभा झाला. इथे अजून बोटभर लाव्हा-निवडुंगाखेरीज फारसे काही रुजलेले नाही. खडक धारदार आहे, पडल्यास तळहात कापतो. म्हणून फिरताना हात मोकळे ठेवावेत. सावली नाही. सकाळी आठच्या आधी उतरावे.

बार्तोलोमेचा माथा ११४ मीटर, लाकडी पायऱ्या साडेतीनशेहून अधिक. पायऱ्या चालणाऱ्यांच्या सोयीसाठी नाहीत, राख घसरू नये म्हणून आहेत. बाहेर पाय टाकू नये. खाली सुळक्याजवळच्या पाण्यात पेंग्विन असतात. विषुववृत्ताशी राहणारा हा एकच पेंग्विन. ते पाण्यात क्षणभर शेजारून जातात. त्यांच्यामागे पोहून काही हाती येत नाही, एका जागी तरंगत राहावे.

बक्षिशीची पाकिटे याच रात्री भरावीत. मार्गदर्शकाला माणशी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास, खलाशांना मिळून तेवढेच किंवा थोडे जास्त. दोन पाकिटे वेगळी. स्वस्त बोटीवरच्या स्वयंपाक्याचे आणि यंत्रखात्यातल्या माणसाचे काम दिसत नाही, त्यांचे विसरू नये.

आठवा दिवस: काळ्या कासवांची खाडी, बाल्त्रा

पहाटे सहाला पांग्यातून कांदळवनात. यंत्र बंद करून वल्ह्याने जातात. हिरवी समुद्रकासवे, सोनेरी रे माशांची रांग, लहान शार्क वरून दिसतात. पाण्यात उतरायचे नाही. बोलणे कमी केले तर कासवाचा श्वास ऐकू येतो.

परतताना दाफ्ने मायोर हे ओसाड शंकूसारखे बेट दिसते. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञांनी १९७३ पासून तिथे फिंच या छोट्या पक्ष्यांच्या चोची मिलिमीटरने मोजल्या आणि १९७७ च्या दुष्काळात मोठ्या चोचीचे पक्षी जास्त तगल्याचे दाखवले. तिथे उतरता येत नाही, पण बोट जवळून जाते. त्यावेळी वर असावे.

विमानतळावर नियंत्रण कार्ड परत द्यावे लागते. रांगेत उभे राहिल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते. हे एक-दोन दिवस राहते. मुंबईत उतरण्याआधी पिवळे कार्ड पासपोर्टमध्येच ठेवावे, तपासणी सामान मिळण्याच्या आधी असते.